केबिन एअर फिल्टर

मोटारीत बसलेल्या माणसांपर्यंत पोचणारी हवा गाळण्यासाठी डॅशबोर्डच्या आत किंवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी बसवलेली घडीदार गाळणी. गॅरेजमध्ये तिला एसी फिल्टर म्हणतात, काही ठिकाणी पोलन फिल्टर. इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा. तो बॉनेटखाली असतो आणि इंधन जाळायला लागणारी हवा गाळतो. नावातल्या सारखेपणामुळे इथे नेहमी घोटाळा होतो. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘एअर फिल्टर बदलला’ एवढे वाचून केबिनचा फिल्टरही बदलला गेला असे गाडीमालक धरून चालतो, आणि आतली गाळणी वर्षानुवर्षे तशीच राहते.

बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून आत शिरते. ब्लोअर म्हणजे आतला पंखा ती ओढतो, इव्हॅपोरेटरच्या (एसीतला हवा थंड करणारा भाग) थंड पात्यांवरून आणि लागेल तेव्हा हीटरवरून ढकलतो आणि झरोक्यांतून केबिनमध्ये सोडतो. बहुतेक गाड्यांत गाळणी ग्लव्ह बॉक्सच्या मागे असते. काहींत ती जाळीखालीच असते, तर काहींत मधल्या कन्सोलच्या कडेला, पाय ठेवायच्या जागेजवळ. ही जागा कोणती यावर बरेच अवलंबून असते. जाळीखालची गाळणी सहसा बाहेरून येणारी हवाच गाळते. आतली हवा फिरवण्याचे बटण दाबले की हवा तिला वगळून जाते. ग्लव्ह बॉक्समागची गाळणी बहुधा दोन्ही वाटांवर असते. अशा गाडीत ट्रकच्या मागे किंवा कच्च्या रस्त्यावर ते बटण दाबले की तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते आणि काही मिनिटांत आतली धूळ बरीच कमी होते. मात्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कोणतीही केबिन गाळणी अडवत नाही. काचा बंद, चार माणसे आणि फिरती हवा असा तासभर प्रवास झाला की डोळ्यांवर झापड येऊ लागते, म्हणून मधूनमधून बाहेरची हवा आत घेतलीच पाहिजे.

गाळलेली हवा आत सोडण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ च्या गाड्यांत बाहेरची हवा गाळून, गरम करून पंख्याने आत सोडणारी व्यवस्था दिली होती. सर्वसाधारण गाड्यांत मात्र ही गाळणी १९९० च्या दशकात रुळली. अशा गाळण्यांच्या चाचणीसाठी आयएसओ १११५५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा पहिला भाग कणांविषयी, दुसरा वायूंविषयी. २०१५ मध्ये आलेल्या टेस्ला मॉडेल एक्सने हेपा दर्जाची, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणारी, मोठी गाळणी गाडीत आणली.

गाळणी कशी काम करते

ही चहाची गाळणी नव्हे. चहाच्या गाळणीत भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान निसटतो. केबिन फिल्टरचे कापड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या न विणलेल्या तंतूंचे असते आणि तंतूंमधली अंतरे धुळीच्या बहुतेक कणांहून कितीतरी मोठी असतात. कण अडतात ते वेगळ्याच कारणांनी. जड कणाला हवेबरोबर पटकन वळता येत नाही, तो सरळ तंतूवर आदळतो. मधल्या आकाराचा कण तंतूच्या अगदी जवळून जाताना त्याला घासतो आणि चिकटतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडावाकडा भरकटत जातो आणि कुठल्या तरी तंतूला जाऊन लागतो. या तिन्ही तावडींतून सुटणारा कण सुमारे ०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणून हेपाची कसोटी त्याच आकारावर लावतात: असे किमान ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात, त्यामुळे त्यांना साधी गाळणीही अडवते. धुराचे कण एक मायक्रॉनहून लहान असतात, आणि खरी परीक्षा तिथे होते.

सूक्ष्म कण पकडता यावेत म्हणून चांगल्या कापडाच्या तंतूंवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार दिलेला असतो. गाळणी धुऊ नये ती याच कारणाने. पाणी आणि साबण यांनी तो भार जातो, कापड दिसायला पांढरे होते आणि बारीक कण सोडू लागते. कॉम्प्रेसरच्या हवेने झटकणेही वाईट, कारण त्या जोराने तंतूंची रचना विस्कटते आणि रुतलेली धूळ आणखी खोल जाते. उत्पादकाने धुण्याजोगी म्हणून दिलेली गाळणी सोडली तर उपाय एकच, नवी घालणे.

दुसरा मोठा प्रकार सक्रिय कार्बनचा. कापडाच्या दोन थरांमध्ये कोळशाचे सच्छिद्र दाणे असतात. एका ग्रॅम दाण्यांतल्या छिद्रांचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून जास्त भरतो, आणि डिझेलच्या धुराचा वास, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, इंधनाच्या वाफा त्या पृष्ठभागावर धरल्या जातात. कार्बन मोनॉक्साइड मात्र धरला जात नाही. बंद जागेत इंजिन चालू ठेवून ‘कार्बन फिल्टर आहे ना’ म्हणत बसणे जिवावर बेतू शकते. कार्बनची आणखी एक अडचण अशी की तो भरला की डोळ्यांना कळत नाही. धुळीने माखलेली गाळणी दिसते, भरलेला कोळसा दिसत नाही. म्हणून कार्बनची गाळणी स्वच्छ दिसली तरी ठरल्या मुदतीला बदलावी. काही गाळण्यांवर ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांना निष्प्रभ करण्यासाठी पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य रसायनाचा थरही देतात.

निवड

वर्दळीच्या रस्त्यांवर रोज अडकणाऱ्या गाडीला कार्बनची गाळणी घ्यावी. दमेकरी किंवा तान्हे मूल गाडीतून जात असेल तर याबाबत हात आखडू नये. वास कमी आणि माती जास्त असेल तिथे साधी कणगाळणी पुरते, मात्र ती वेळेवर बदलली पाहिजे. हेपा नाव छापलेली गाळणी कोणत्याही गाडीत घालून फायदा होतोच असे नाही. कापड जितके दाट तितका हवेला अडथळा जास्त, आणि मूळ ब्लोअर त्या अडथळ्यासाठी बनवलेला नसेल तर झरोक्यांतून येणारा झोत मंदावतो. घड्या जास्त असल्या की कापडाचे क्षेत्रफळ वाढते आणि हा अडथळा कमी होतो. सारख्याच चौकटीत बारा घड्यांची आणि पंचवीस घड्यांची गाळणी शेजारी ठेवली तर स्वस्त का स्वस्त आहे ते लगेच उमगते. नुसता करडा-काळा रंग म्हणजे कार्बन नव्हे. खऱ्या कार्बन गाळणीत दाणे जाणवतात आणि ती साध्या गाळणीपेक्षा हाताला जड लागते.

या सगळ्याहून मोठी गोष्ट माप. हवा सोपी वाट शोधते. चौकटीच्या कडेला काही मिलिमीटरची फट राहिली तर उत्तम कापडही फुकट जाते. काढलेल्या जुन्या गाळणीची कड नीट पाहावी. मधल्या घड्या एकसारख्या करड्या आणि कडेला काळपट पट्टा, शिवाय पलीकडच्या बाजूलाही तसाच माग उमटलेला असेल, तर हवा इतके दिवस कडेने पळत होती. महागड्या पण सैल गाळणीपेक्षा कडेला फोमची पट्टी असलेली, घट्ट बसणारी साधी गाळणी केव्हाही बरी. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत माप बदलू शकते, म्हणून भाग क्रमांक चॅसी नंबरवरून ताडून घ्यावा. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये गाळणीचा खण असतो पण आत गाळणीच नसते. तिथे उत्पादकाची चौकट मिळते का ते आधी पाहावे.

बदलणे

गाडीचे मॅन्युअल सांगेल तीच मुदत खरी. बहुतेक ठिकाणी ती १५,००० ते ३०,००० किलोमीटर किंवा एक ते दोन वर्षे असते. धुळीच्या वापरात ती निम्म्यावर येते. ब्लोअरचा आवाज वाढतो पण झोत वाढत नाही, पावसात काचेवरचे बाष्प लवकर निवळत नाही, एसी सुरू करताच कुबट वास येतो, ही गाळणी तुंबल्याची लक्षणे.

ग्लव्ह बॉक्समागची गाळणी दहा मिनिटांत बदलते. इग्निशन बंद करावे. खण रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की अडकण सुटते आणि तो खाली झुकतो. एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असेल तर तो आधी काढावा. मागे लांबट झाकण दिसते, त्याच्या क्लिपा दाबून ते निघते. गाळणी ओढण्यापूर्वी जुनीवरच्या बाणाचा मोबाइलने फोटो घ्यावा. मग ती आडवीच, न हलवता, हळू बाहेर काढावी. वरच्या घड्यांत सुकी पाने, मुंग्यांचे पंख, कधी उंदराने आणलेला कापूस असतो, आणि ती तिरकी झाली की हे सगळे ब्लोअरच्या पिंजऱ्यात पडते. पुढे पंखा चालू केला की फडफड ऐकू येते ती त्याचीच. गाळणीच्या खणात दिव्याने डोकावून उरलेला कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा.

बाणाबाबत जपून. काही गाळण्यांवर तो हवेची दिशा दाखवतो, काहींवर फक्त वरची बाजू. उलटी बसलेली गाळणीही हवा गाळते, पण थरांचा क्रम बिघडतो आणि ती लवकर तुंबते. नवी गाळणी खाचेत सरकवताना घड्या चेपू नयेत, आणि झाकणाच्या सगळ्या क्लिपा बसल्याचा टक आवाज ऐकावा. शेवटी ब्लोअर पूर्ण वेगावर चालवून झाकणाच्या कडेला हात फिरवावा. कुठे शिट्टी किंवा वारा लागला तर झाकण नीट बसलेले नाही.

नव्या गाळणीनंतरही कुबट वास राहिला तर दोष बहुधा इव्हॅपोरेटरवरच्या बुरशीचा असतो. एसीचे पाणी गाडीखाली ठिबकते की नाही ते पाहावे. ठिबकत नसेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते. ती मोकळी करून इव्हॅपोरेटर फोमने साफ करून घ्यावा लागतो. उतरण्याआधी काही मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालवला तर पात्यांवरचे पाणी सुकते आणि बुरशी पुन्हा धरायला वेळ लागतो.