माळ घालणे

माळ घालणे : वारकरी संप्रदायात प्रवेश करण्याचा विधी आणि त्यासोबत आयुष्यभरासाठी स्वीकारलेली नियमांची चौकट. गळ्यात तुळशीच्या मण्यांची माळ घालणाऱ्यास माळकरी म्हणतात. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच असल्याने इथे ही प्रथा रोजच्या व्यवहारात मुरलेली आहे. सोयरीक जुळवताना किंवा पंगतीचे आमंत्रण देताना ‘घर माळकरी आहे’ एवढे कळले की पुढचे बरेच प्रश्न विचारावे लागत नाहीत.

विधी अगदी साधा असतो. वारीत, एकादशीला किंवा गावच्या हरिनाम सप्ताहात माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात. फडावरचे (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाचे) महाराज किंवा गावातला एखादा ज्येष्ठ वारकरी ती उचलून गळ्यात घालतो, ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र देतो आणि नियम सांगतो. मंत्र गुप्त नसतो, होमहवन लागत नाही. मद्य आणि मांस सोडायचे, परस्त्री मातेसमान मानायची, दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, खरे बोलायचे, एकादशीचा उपवास करायचा, रोज हरिपाठ म्हणायचा आणि वर्षातून एकदा तरी, शक्यतो आषाढी किंवा कार्तिकीला, पंढरीची वारी करायची. नियम ऐकून मान हलवली की विधी झाला. पुढे जमलेले सगळे नव्या माळकऱ्याच्या पाया पडतात आणि तोही सगळ्यांच्या. यात वय किंवा जात आड येत नाही.

या नियमांत जितके ‘सोडा’ आहे तितकेच ‘करा’ आहे, आणि प्रथा टिकण्याचे मोठे कारण तेच असावे. दिवेलागणीला ज्याची पावले गुत्त्याकडे वळायची, त्याच्यासाठी तीच वेळ सर्वांत अवघड. गावोगावी हरिपाठ नेमका त्याच सुमारास सुरू होतो. टाळ घेऊन उभे राहायचे, तालावर पावले टाकत पावली खेळायची, चाल चुकली तर शेजारच्याकडे बघून सावरायची. हरिपाठ संपेपर्यंत अंगाला घाम येतो, जेवणाची वेळ होते आणि कठीण तास टळलेला असतो.

दुसरे कारण संगत. माळ शर्टाच्या गळ्यातून दिसते, त्यामुळे नियम गावाला ठाऊक असतो. हॉटेलात ओळखीचा मालक माळकऱ्यापुढे मटणाची थाळी ठेवत नाही. लग्नाच्या वरातीत मित्र आग्रह करू लागले, तर तिसराच कोणीतरी ‘अरे, माळ हाय त्याच्या गळ्यात’ म्हणून अडवतो. एकादशीला मंदिरात दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. ही चौकशी काहींना जाचक वाटते आणि काही वेळा ती तशी असतेही. पण एकट्याने मनाशी केलेला निश्चय आणि चार लोकांत गळ्यात घातलेली माळ यांत टिकण्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

याचे सर्वांत नेमके रूप सप्ताहातल्या वीणेच्या पहाऱ्यात दिसते. अखंड हरिनाम सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्रीच्या पहाऱ्यांची नावे आधी ठरवून मंडपात लावलेली असतात. उत्तररात्री ज्याची पाळी आहे तो उठलाच नाही, तर आधीचा पहारेकरी वीणा घेऊन तसाच उभा राहतो, बसायची सोय नाही. उशिरा आलेल्याला कोणी बोल लावत नाही. वीणा देताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि जाणारा झोपायला जातो. आपण चुकलो तर ओझे दुसऱ्या कोणावर पडते, हे तरुण पोराला त्या एका रात्रीत जसे कळते तसे भाषणातून कळत नाही. सप्ताहाचा बाकीचा दिवसही असाच बांधलेला असतो: पहाटे काकडा म्हणजे काकड आरती, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि सप्ताहाच्या शेवटी काल्याचा प्रसाद.

सोलापूर शहरापासून पंढरपूर सुमारे ७० किमी. वर्षाची वारी इथल्या माळकऱ्याला आठवडाभर सुट्टी न घेताही साधते. अनेक जण तिऱ्हे, मंगळवेढामार्गे पायी जातात. मंगळवेढ्याला संत चोखामेळा आणि संत कान्होपात्रा यांची परंपरा आहे, तर माढा तालुक्यातले अरण हे संत सावता माळींचे गाव. मळ्यातले काम न सोडता भक्ती करणारे सावतोबा इथल्या शेतकऱ्याला जवळचे वाटतात, कारण माळ घातली म्हणून संसार टाकावा लागत नाही. शहरात आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात या प्रथेला आणखी एक शेजार आहे. लिंगायत घरांत इष्टलिंग, म्हणजे शिवाचे छोटे लिंग, अंगावर धारण करतात. सिद्धेश्वरांच्या या गावात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसे एका गल्लीत राहतात. धर्माचा नियम अंगावर वागवायचा असतो, ही गोष्ट इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

प्रथेतल्या उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. तंबाखूकडे बहुतेक ठिकाणी काणाडोळा होतो. कीर्तनाला टाळ धरणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते, आणि विडी हा ज्या शहराचा मोठा व्यवसाय आहे तिथे हे दुर्लक्ष फार महाग पडते. उपवासाच्या ताटात साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याची रेलचेल असते. मधुमेह असलेल्याने एकादशी कशी करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्याहून गंभीर बाब दारूची. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने माळ घालून एका दिवसात दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातांना कंप, झटके, भास, बरळणे असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अशा माणसाला आधी दवाखान्यात न्यावे. माळ उपचाराची जागा घेत नाही, उपचारानंतर पुन्हा घसरू न देण्याचे काम मात्र ती उत्तम करते.

समतेचा दावाही दीर्घकाळ अपुरा होता. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडत, पण दलित माळकऱ्याला विठ्ठल मंदिराचा उंबरठा बंद होता. त्याच समाजातल्या संत चोखामेळ्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सोडले. संप्रदायाची उत्तरदायित्वाची शिकवण इथे संप्रदायालाच लागू करावी लागली. दिखाऊ माळकऱ्यावर सर्वांत कठोर शब्दांत टीका संतांनीच केली आहे, हेही इथे सांगायला हवे.

माळेचा दोरा तुटला तर कडक माळकरी ती पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्न घेत नाहीत. नियम मोडला तर माळ काढून ठेवण्याची रीत आहे. ती देवघरात ठेवतात किंवा चंद्रभागेत सोडतात. ज्यांच्या हातून माळ घातली त्यांना जाऊन सांगावे लागते आणि खरा कस तिथेच लागतो. जाणते महाराज अशा वेळी व्याख्यान देत नाहीत, काही दिवस नुसते हरिपाठाला येऊन उभे राहायला सांगतात. मन स्थिर झाल्यावर पुढच्या एकादशीला किंवा वारीत माळ पुन्हा घालता येते. विधी तोच असतो, आणि पाया पडणेही तसेच.