पार्श्वभूमी : शिबिरातली तपासणी आणि बांबोळीतले निदान

शिबिराची बातमी बहुधा एकाच साच्यातून येते. अमुक आरोग्य केंद्रात इतक्या महिलांची कर्करोग तपासणी झाली, पैकी इतक्या संशयित आढळल्या. वाचणाऱ्याला वाटते, तेवढ्या जणींना कर्करोग निघाला. यात बातमीदाराचा दोष थोडा, शब्दाचा जास्त. मराठीत डोळ्यांचीही तपासणी होते, रक्ताचीही आणि उत्तरपत्रिकांचीही. स्क्रीनिंगसाठी वेगळा शब्द आपण रुजवलाच नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांकडे तो आहे : चाळणी परीक्षा. ती पास झाली म्हणजे नोकरी लागली असे त्यांच्यापैकी कोणी समजत नाही.

कसलाही त्रास नसलेल्या बाईला बोलावून तपासायचे, ही चाळणी. तिच्यात शंका आली तर नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि मग काय ते सांगायचे, हे निदान. छातीत गाठ हाताला लागली म्हणून स्वतःहून आलेली बाई तर चाळणीत मोडतच नाही. तिला शिबिराच्या रांगेत बसवण्यात फक्त वेळ जातो, तिची जागा थेट बांबोळीत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे. शिबिराच्या आकड्यात मात्र या सगळ्या एकत्र बसतात.

हा घोळ जुना नाही, कारण चाळणीच जुनी नाही. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, परळचे कर्करोग रुग्णालय १९४१ चे. पण गोव्याच्या रुग्णाच्या दृष्टीने कर्करोग म्हणजे मुंबईची गाडी आणि दादरची धर्मशाळा, हे समीकरण मुक्तीनंतरही बरीच वर्षे टिकले. १९७५-७६ च्या राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रमाचा भर उपचार केंद्रे आणि यंत्रे उभारण्यावर होता. लवकर शोधण्याची भाषा १९८४-८५ च्या फेररचनेत आली, आणि तीही बरीचशी भाषाच राहिली.

खरे काम महाराष्ट्रात झाले. १९८७ मध्ये बार्शी परिसरात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून माणसे मोजणारे तिथे तयार झाले. मग शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, सव्वा लाखाहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा प्रयोग झाला. तीन गटांत तीन वेगवेगळ्या चाळण्या : हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे) आणि व्हीआयए (आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे). चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. (चाळणीविना ठेवलेल्या अशा गटांवरून पुढे नैतिकतेचा वाद उठला, आणि तो उठायलाच हवा होता.) २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन चाळण्यांनी तिथे म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

मुंबईच्या वस्त्यांतला दुसरा प्रयोग मात्र व्हीआयएच्या बाजूने गेला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हीआयएचे सगळे सामान एका ट्रेमध्ये मावते. तीन ते पाच टक्क्यांचे अ‍ॅसेटिक आम्ल कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचे, एक मिनिट थांबायचे, आणि चांगल्या उजेडात ठळक कडेचा पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. विनागीर, म्हणजे व्हिनेगर, ओळखीचे असलेल्या गोव्यात हे समजावून सांगायला सोपे जाते, वासानेच बायकांना उमगते. पण जंतुसंसर्गानेही पांढरे दिसू शकते, आणि पाळी गेलेल्या बाईत पाहायची जागाच आत सरकलेली असते.

२०१६ मध्ये देशव्यापी चाळणीची मार्गदर्शक तत्त्वे ठरली, तेव्हा या दोन निकालांतून निवड करायची होती. निवडले गेले व्हीआयए. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी, पाच वर्षांतून एकदा. कारण उघड होते : एचपीव्ही चाचणीला प्रयोगशाळा लागते, पैसा लागतो, आणि निकाल त्याच दिवशी हातात पडत नाही. तरीही मुंबईत जे सिद्ध झाले ते दर दोन वर्षांच्या, कडक देखरेखीखालच्या तपासणीचे होते. पाच वर्षांतून एकदा, लसीकरण आणि बाळंतपणांच्या धबडग्यात उरकलेल्या तपासणीचे नव्हे. स्वस्त मार्ग निवडला यात चूक नव्हती. मुंबईतला आकडा त्या स्वस्त मार्गालाही आपोआप लागू होईल असे मानले गेले, ते खटकते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली.

२०१६ च्या त्याच तत्त्वांत स्तनांसाठी हाताने तपासणी, तोंडासाठी डोळ्यांनी पाहणी ठरली. स्तनाच्या बाबतीत मुंबईच्याच वीस वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात नाही.

गोव्याची अडचण आणखी वेगळी. राष्ट्रीय आराखड्यात घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणारी व्यक्ती म्हणजे आशा सेविका, आणि गोव्यात आशा ही व्यवस्थाच उभी राहिली नाही. काम पडले ते आधीच वाकलेल्या आरोग्य केंद्रांच्या परिचारिकांवर. सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात शिबिर लावले तर खुर्च्या रिकाम्या राहतात. बाया बोंडे वेचायला डोंगरात असतात.

तंबाखूच्या बाबतीत मात्र गोवा पुढे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वापर देशात सर्वात कमी, ९.७ टक्के. साहजिकच इथले लक्ष तोंडापेक्षा स्तनाकडे वळले. २०२१ च्या ऑक्टोबरात एक लाख बायकांचे लक्ष्य ठेवून हातात धरायच्या यंत्राने स्तनांची तपासणी सुरू झाली. यंत्राला ऊतींचा कडकपणा कळतो, कर्करोग कळत नाही. म्हणजे पुन्हा चाळणीच, जरा आधुनिक दिसणारी.

उपचारांच्या बाजूला पैशाची व्यवस्था तुलनेने लवकर झाली. राज्याबाहेरच्या उपचारांसाठी मेडिक्लेम, मग २०१६ पासून कुटुंबाला अडीच ते चार लाखांचे आरोग्य कवच, आणि अलीकडे एचईआर-टू (पेशींवर या नावाचे प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारच्या स्तनकर्करोगावरची महागडी औषधे सरकारी खर्चाने. इथला रुग्ण गरीब असला तरी राज्य गरीब नाही, याचा हा फायदा.

सीमेपलीकडच्यांना तो मिळाला नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडीचे लोक पिढ्यान् पिढ्या बांबोळीलाच येतात, जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा, ओरोसपेक्षा, ती वाट त्यांच्या पायाखालची. २०१८ च्या सुरुवातीला बिगर-गोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू झाले आणि दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. गोव्याच्या करदात्याचा पैसा, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण सासर दोडामार्गात आणि माहेर गोव्यातल्या डिचोलीत असलेल्या बाईला तो पटवून देणे अवघड.

कर्करोग नोंदणीत रुग्ण मोजला जातो तो राहत्या गावावरून, उपचाराच्या गावावरून नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात लोकसंख्येवर आधारित २८ नोंदणी केंद्रे होती. बार्शी होती, उस्मानाबाद होते. गोवा नव्हता, सिंधुदुर्गही नव्हता. बांबोळीत शेजारशेजारच्या खाटांवर असलेल्या गोव्यातल्या वाळपईच्या आणि दोडामार्गच्या दोन बाया त्या अहवालात कुठेच नाहीत.