आरसी गाड्यांचे बॅटरी पॅक : वायरिंग आणि जोडण्या

रेडिओ कंट्रोल म्हणजे आरसी गाडीच्या पॅकमधले सेल एकमेकांना कसे बांधलेत, त्यातून बाहेर येणारी वायर किती जाड आणि तिच्या टोकाला प्लग कुठला, हे सगळं मिळून जोडणी. सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, पॅरललमध्ये क्षमता, हे ठाऊक असतंच. निकेलचे ६ सेल म्हणजे ७.२ व्होल्ट, लिपोचे (लिथियम पॉलिमरचे) २ म्हणजे ७.४, आणि २एस२पी (एस म्हणजे सिरीज, पी म्हणजे पॅरलल) लिहिलं असेल तर दोन-दोन सेल पॅरलल बांधून त्या दोन जोड्या सिरीजमध्ये लावलेल्या.

निकेलच्या काळात बरेच जण पॅक स्वतःच बांधायचे. सब-सी सेल, म्हणजे साधारण २३ मिमी जाड आणि ४३ मिमी उंच, शेजारी-शेजारी उभे करून वर पट्ट्या सोल्डर केल्या की साइड बाय साइड, एकापुढे एक आडवे ठेवून लांबट गठ्ठा केला की स्टिक पॅक, आणि तीन-तीनचे दोन भाग गाडीच्या दोन बाजूंना टाकले की सॅडल पॅक. कारखान्यातून आलेल्या पॅकमध्ये बहुतेक वेळा निकेलची पातळ पट्टी स्पॉट वेल्ड, म्हणजे करंटने ठिपक्याठिपक्याला वितळवून चिकटवलेली असते. निकेलचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण चौपट, म्हणून रेसवाले ती काढून तांब्याची जाड पट्टी लावायचे. सेलला जोरदार करंटचा झटका द्यायचीही एक पद्धत होती, झॅपिंग म्हणायचे तिला. त्याने रेझिस्टन्स कमी होतो असं मानायचे, पण का यावर एकमत नाही. आतले वेल्ड पक्के होतात हे म्हणणं त्यातल्या त्यात पटण्यासारखं.

प्लगच्या नावांचा घोळ मात्र मोठा आहे. पांढऱ्या नायलॉनचा जुना दोन पिनांचा प्लग तामियाच्या गाड्यांमुळे तामिया म्हणून ओळखला जातो, पण मुळात तो कुणाचा यावर दोन मतं : काही जण मोलेक्सचं नाव घेतात, काही जपानच्या जेएसटीचं. जेएसटीच्या एल मालिकेशी त्याचं रूप जास्त जुळतं, तेव्हा दुसरं मत बहुधा बरोबर. गंमत अशी की जेएसटी हे कंपनीचं नाव आहे, एखाद्या प्लगचं नाही, तरी छोट्या गाड्यांचा लाल प्लग, जो खरं तर आरसीवाय मालिकेतला, त्यालाही जेएसटीच म्हणतात आणि लिपोच्या बॅलन्स वायरचा (चार्जरला एकेक सेल दाखवणाऱ्या बारीक वायरींचा) पांढरा एक्सएच प्लगही जेएसटीच, त्यामुळे ‘जेएसटी पाहिजे’ एवढ्यावर कुणी काही पाठवलं तर चुकीचंच येण्याची शक्यता जास्त. तामियाच्या बारीक पिनांना मोठा करंट झेपत नाही, त्या तापतात, प्लगचं प्लास्टिकचं घर वितळतं; म्हणून पुढे दोन चपट्या पात्यांचा डीन्स आला, मग बुलेटवाले, म्हणजे गोल पिनांचे, ईसी ३, ईसी ५ आणि एक्सटी ६०. एक्सटी ६० मध्ये ३.५ मिमीचे बुलेट असतात, एक्सटी ९० मध्ये ४.५ चे. नर कुठला आणि मादी कुठली यावरही वाद, कारण एक्सटी ६० मध्ये बाहेरचं घर एक सांगतं आणि आतली पिन दुसरंच. पिनेवरून ठरवणं बरं. बॅटरीच्या बाजूला झाकलेला सॉकेट, एवढा नियम सगळीकडे सारखा, नाहीतर उघड्या पिना कशाला तरी टेकून शॉर्ट होतात.

वायरची जाडी एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) मध्ये, ही मोजपट्टी ब्राउन अँड शार्प कंपनीच्या नावानेही ओळखतात आणि ती साधारण १८५७ पासूनची. आकडा वाढला की वायर बारीक, तीन आकड्यांनी तांबं निम्मं. १४ गेजचा रेझिस्टन्स मीटरला ८.३ मिलिओम, १२ गेजचा ५.२, लाल-काळी धरून ४० सेंमी वायर आणि ५० अँपिअर करंट असेल तर १४ गेजमध्ये ०.१७ व्होल्ट पडतात, म्हणजे ८ वॉट नुसती उष्णता, १२ गेजमध्ये ५. एक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, याहून जास्त खाऊ शकतं. सिलिकॉनचं आवरण २०० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून सोल्डर करताना आखडत नाही.

वायर कमी पडली की लोक बॅटरीच्या बाजूने वाढवतात, तिथेच चुकतं. स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, लांब वायरचा इंडक्टन्स, म्हणजे करंटमधल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, त्याला आडवा येतो आणि ते उसळणारं व्होल्टेज कंट्रोलरच्या कपॅसिटरवर येऊन आदळतं, ते तापून फुगतात. ब्रशलेस (ब्रश नसलेल्या) मोटरच्या गाडीत मोटरकडच्या तीन वायरी वाढवलेल्या बऱ्या. प्लग लावताना ठिणगी पडते तीही याच रिकाम्या कपॅसिटरमुळे. एक्सटी ९० एस मध्ये त्यासाठी आत रेझिस्टर असतो.

बॅलन्स प्लगला सेलच्या संख्येपेक्षा एक वायर जास्त, २एसला ३, पिनांमधलं अंतर २.५ मिमी. या वायरी चार्जरला प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवायला आणि सेल सारखे करायला असतात, गाडी चालवायला नाही. प्लग बदलताना दोन्ही मोठ्या वायरी एकदम कापू नयेत, पक्कडीचं पातं दोन्हींना एकदम लागलं की शॉर्ट. एक कापायची, सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायची, मग दुसरी. कडक कव्हरच्या लिपोत ४ किंवा ५ मिमीचे बुलेट थेट भोकात जातात, तिथे उलटं लागणं अडवणारं काहीच नसतं. दोन पॅक पॅरलल जोडायचे तर आधी मल्टिमीटरवर दोघांचं व्होल्टेज सारखं आहे ना ते पाहायचं, नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात जोरात ओततो.