‘ते डॉक्टरांना विचारा’: एका वाक्याची पार्श्वभूमी

आयसीयूच्या दाराशी ताटकळलेला मुलगा विचारतो, “सिस्टर, आईचं आता कसं आहे?” आणि बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: “ते डॉक्टरांना विचारा.” मुलाला ते तुटक वाटतं. आईचं बीपी रात्रभर कोणत्या औषधावर तगून आहे, हे सिस्टरला मात्र तोंडपाठ असतं. ठाऊक असूनही न बोलण्याची ही शिस्त फार जुनी आहे.

खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल खोट्या धीराच्या विरोधात होत्या. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९ च्या पुस्तकात त्यांनी आजाऱ्यापुढे उगाच आशेची बडबड करणाऱ्यांचा एका प्रकरणात चांगला समाचार घेतला आहे. पण १८९३ साली डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेत त्यांच्या नावाने जी शपथ तयार झाली (ती त्यांनी लिहिलेली नाही), तिच्यात डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचं वचन आलं. आजार काय आणि पुढे काय होणार, हे सांगणं डॉक्टरांकडे राहिलं. डॉक्टर तरी कुठे सांगत होते? अमेरिकेतल्या १९६१ च्या एका पाहणीत जवळपास ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कॅन्सर झाल्याचं न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते.

या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात नर्सची किती कोंडी होत असे, ते बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. मरण जवळ आल्याचं रुग्णालाही कळलेलं असतं, नर्सलाही. पण दोघंही काही न घडल्याचं नाटक वठवत राहतात. आपल्याकडच्या वॉर्डांतून हा प्रयोग अजून उतरलेला नाही.

आयसीयूचा जन्म कोपनहेगनचा. १९५२ च्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन हाताने पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत आणली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले. घशात नळी असलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या पोराशी नजरेनेच बोलावं लागे. पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली, उशाशी फक्त नर्स उरली आणि नातेवाईक दाराबाहेर गेले.

उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, अगदी वेगळ्या वाटेने वाढत होती. सिसिली साँडर्स आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. तिथे रुग्णाचं ऐकून घेणं हा उपचाराचाच भाग होता.

या दोन वाटा जिथे एकत्र आल्या, तिथे ठेच लागली. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत ९,१०५ गंभीर रुग्णांवर झालेल्या ‘सपोर्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. पहिल्या टप्प्यात दिसलं की हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याची खटपट नको, ही आपल्या रुग्णाची इच्छा जेमतेम ४७ टक्के डॉक्टरांना माहीत होती. म्हणून दुसऱ्या टप्प्यात खास तयार केलेल्या नर्स नेमल्या. त्यांनी रुग्णांशी आणि घरच्यांशी बोलावं, ऐकलेलं डॉक्टरांपर्यंत पोहोचवावं, अशी योजना होती. फरक शून्य! आयसीयूतले दिवस घटले नाहीत, वेदना कमी झाल्या नाहीत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं पान हेच. नर्स बोलायला शिकली, पण निर्णय जिथे होत होते तिथे तिला खुर्ची नव्हती.

त्यानंतर प्रशिक्षणाची लाट आली. आयुष्याच्या अखेरच्या काळातली सेवा नर्सना शिकवणारा एल्नेक हा अमेरिकेतला कार्यक्रम २००० साली सुरू झाला. मग संशोधकांनी आयसीयूत घरच्यांबरोबर होणाऱ्या बैठका चक्क रेकॉर्ड केल्या. सिएटलच्या २००४ च्या अभ्यासात ७१ टक्के वेळ डॉक्टर-नर्सच बोलत होते. फ्रान्समध्ये २००७ साली २२ आयसीयूंनी बैठकीची पद्धत बदलली, घरच्यांच्या बोलण्याचा वेळ ५ मिनिटांवरून १४ मिनिटांवर गेला आणि तीन महिन्यांनी त्यांच्यातला मानसिक आघात कमी आढळला. अमेरिकेत २०१८ मध्ये हे काम नर्सच्या हाती देऊन पाहिलं: रोज कुटुंबाला भेटायचं, बैठकीआधी त्यांची तयारी करून घ्यायची, बैठक घडवून आणायची. सहा महिन्यांनंतरचं घरच्यांचं दुःख हलकं झालं नाही, पण आपल्याशी नीट बोललं गेलं, असं त्यांनी सांगितलं.

आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना हे हॉस्पिस १९८६ चं, कोझिकोडचं पॅलिएटिव्ह क्लिनिक १९९३ चं. आयसीयूतल्या डॉक्टरांच्या भारतीय संघटनेने अखेरच्या काळाविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली ती २००५ साली. तोवर पैसे संपले किंवा आशा संपली की ‘डामा’वर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर) सही करून पेशंट घरी नेणं, हाच रुळलेला मार्ग होता, आणि तो आजही बंद झालेला नाही. अशा वेळी “तोंडात दोन थेंब गंगाजल घालू का?” हे कुणी डॉक्टरांना विचारत नाही, ते सिस्टरलाच विचारतात. आणि ते पाणी फुप्फुसात जाईल का, याचा विचारही तिलाच करावा लागतो.

नर्सचा आवाज आपल्याकडे एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९७३ मध्ये हल्ल्यात जायबंदी झालेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्याच नर्स अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांनी २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं सांभाळलं. अरुणा यांना अन्न देणं थांबवावं, अशा याचिकेवरच्या २०११ च्या निकालात अरुणा यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार न्यायालयाने याचिकाकर्तीला न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता उपचार थांबवायचे की नाही, हे दोन वैद्यकीय मंडळं पाहतात. प्रत्येक मंडळात किमान तीन जण असतात, तिन्ही डॉक्टर.