पॅरलल पोर्ट ते यूएसबी: एक्सपआइज बोर्डाची पार्श्वभूमी

संगणकाला जोडला की ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, व्होल्टमीटर आणि फ्रिक्वेन्सी काउंटर एकदम हाताशी देणारा एक्सपआइज हा छोटा बोर्ड नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये घडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये न्यूक्लिअर सायन्स सेंटर या नावाने उभारलेली ही संस्था. कणत्वरकाच्या कामात सिग्नल संगणकात घेणे रोजचेच. ते कसब कॉलेजच्या टेबलापर्यंत स्वस्तात पोचावे म्हणून २००४ मध्ये तिथे डॉ. अजितकुमार बी. पी. यांच्या पुढाकाराने 'फिनिक्स' प्रकल्प सुरू झाला. स्वस्त उपकरणे बनवायची आणि शिक्षकांना ती वापरायला शिकवायची, ही दोन्ही कामे त्याने पहिल्यापासून हाती घेतली. दुसरे काम जास्त मोलाचे ठरले, कारण शिकवणारा माणूस नसेल तर बोर्ड कपाटातच राहतो.

पुढचा सारा प्रवास संगणकाच्या पोर्टने ठरवला. सुरुवातीचा बोर्ड डेस्कटॉपच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीला, लागे. लॅपटॉप आले, ते पोर्ट गेले, म्हणून एटमेगा मालिकेतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, बोर्डावरच बसवला. २०११ मध्ये एक्सपआइज आला, त्यामागून पिक२४ या मायक्रोकंट्रोलरवरचा एक्सपआइज ज्युनिअर, आणि नंतर एक्सपआइज-१७. वीज यूएसबीतूनच मिळत असल्याने भारनियमनात होरपळलेल्या विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांना याचा खरा उपयोग झाला. लाइन गेली तरी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर प्रात्यक्षिक पुरे होते. सीआरओला, म्हणजे कॉलेजातल्या जुन्या पडद्याच्या ऑसिलोस्कोपला, ही सोय नव्हती, आणि एका सीआरओभोवती अख्खी बॅच उभी राहायची.

ज्युनिअर आणि १७ यांतला सर्वांत कामाचा फरक इनपुटच्या मर्यादेत आहे. ज्युनिअरचे ए१, ए२ हे इनपुट ±५ व्होल्ट घेतात, १७ चे ±१६. बारावीचा अर्धलहरी रेक्टिफायर (एसीची एकच बाजू पुढे सोडणारे डायोडचे सर्किट) घेतला की हे लगेच कळते. ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर त्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे ८.५ व्होल्टवर जाते. लोड नसताना तोच ७ व्होल्ट देतो आणि शिखर १० ला टेकते. ज्युनिअरवर लहर वरून सपाट कापलेली दिसते आणि मुलांना वाटते डायोड बिघडला. अशा वेळी २२ किलोओहम आणि १० किलोओहमचे रोध एकापुढे एक जोडून विभाजक लावावा, १० किलोओहमच्या टोकांवरचा व्होल्टेज ए१ ला द्यावा, मिळालेले आकडे ३.२ ने गुणावे. डायोड १एन४००७, लोड १ किलोओहम. लोडला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास रिपल, म्हणजे उरलेला चढउतार, ठळक दिसतो, १०० लावल्यास तो बराच मावळतो. कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्यावा आणि त्याची उणे बाजू ग्राउंडलाच जाते आहे हे पाहूनच वीज सुरू करावी. गावच्या डीपीवर शेतपंप सुरू असताना व्होल्टेज पडतो आणि पंप बंद झाले की चढतो, तेव्हा कालचे आकडे आज जुळले नाहीत तर आधी सॉकेटचा व्होल्टेज मोजावा. २३० व्होल्टची तार बोर्डाला थेट कधीही लावायची नाही.

मोठ्या मर्यादेची किंमतही आहे. बोर्ड व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर १२ बिटांत करतो, म्हणजे ४०९६ पायऱ्या. ±५ मध्ये एक पायरी सुमारे २.४ मिलिव्होल्टची, ±१६ मध्ये ७.८ ची. म्हणून १७ वर लहान सिग्नलसाठी रेंज खाली आणावी लागते. पडत्या चुंबकाने कॉइलमध्ये उठणारी लहर ±१६ वरच ठेवून पाहिली तर ती जिन्यासारखी दिसते. ज्युनिअरवर साइन लहर एकाच वारंवारतेची, सुमारे १५० हर्ट्झ, मिळायची. १७ वर ती ५ हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत बदलता येते. त्यामुळे एलसीआर (कॉइल, कपॅसिटर, रोध) सर्किटच्या अनुनादाचा आलेख याच बोर्डावर निघू लागला.

उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो. जुन्या इमारतीत तिसऱ्या पिनेला अनेकदा तारच नसते. मग लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना पडद्यावर ५० हर्ट्झची लहर घुसते. चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यास ती बहुतेक वेळा दबते. नाहीच दबली तर सर्किटचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचा राहिला आहे का ते पाहावे.

बोर्ड सापडत नाही ही तक्रार आली तर प्रथम केबल बदलावी: मोबाइलच्या काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. केबल ठीक असेल तर लिनक्सवर वापरकर्त्याला डायलआउट गटात (सीरियल पोर्ट वापरण्याची परवानगी देणाऱ्या) टाकून पुन्हा लॉगइन करावे.

सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे आणि आराखड्यासकट सारे खुले आहे. त्यातून पुढे सीलॅबसारखे याच धर्तीचे बोर्ड निघाले. गावाकडच्या शाळेला मात्र या खुलेपणाचा रोजचा फायदा दुरुस्तीत होतो. सर्किट हातात असल्याने निकामी झालेला इनपुट शोधता येतो, आणि ऑप-अ‍ॅम्प, रोध असे साधे भाग नागपूरच्या सीताबर्डीत मिळतात. चिप मात्र बोर्डाच्या पृष्ठावर डकवलेल्या असतात. तिथे बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि मोबाइल दुरुस्तीचा सराव असलेला हात लागतो.