कीव्ह-स्व्यातोशिन जिल्हा कीव्ह शहराचा भाग नव्हता

‘कीव्ह-स्व्यातोशिन हा कीव्ह शहराचाच एक विभाग आहे’ ही समजूत बरीच वर्षं फिरते आहे. ती चुकीची आहे.

हा जिल्हा, म्हणजे ‘रायोन’, कीव्ह शहराच्या पश्चिम आणि नैऋत्य बाजूला पसरलेला होता. बोयार्का आणि विश्नेवे ही त्यातली शहरं. बाकी बहुतेक गावं. त्याचा कारभार कीव्ह ओब्लास्तकडे, म्हणजे प्रांताकडे होता. कीव्ह शहर मात्र राज्यघटनेनुसार विशेष दर्जाचं, कोणत्याही ओब्लास्तात न मोडणारं.

घोळ होण्याला सबळ कारण आहे. जिल्ह्याचं मुख्यालय खुद्द कीव्हमध्ये होतं. म्हणजे जिल्ह्याचा कारभार जिल्ह्याच्या हद्दीबाहेरून चालायचा! ऐकायला विचित्र, पण युक्रेनमध्ये हे नवल नव्हतं: खार्कीव्ह जिल्ह्याचं मुख्यालयही खार्कीव्ह शहरात होतं आणि ते शहर २०२० पर्यंत त्या जिल्ह्यात नव्हतं. भरीस भर म्हणून कीव्ह शहराच्या दहा विभागांपैकी एकाचं नावही स्व्यातोशिनच. तो आजही आहे.

ग्रामीण जिल्हा मात्र नकाशावरून गेला. जुलै २०२० मध्ये संसदेनं देशातल्या ४९० जिल्ह्यांऐवजी १३६ मोठे जिल्हे केले, तेव्हा त्याची वाटणी झाली. विश्नेवे बुचा जिल्ह्यात गेलं, बोयार्का फास्तीव्हमध्ये, काही गावं ओबुखीव्हमध्ये. जुन्या पत्त्यांत तो अजून भेटतो. कीव्ह मात्र नव्या रचनेतही यांपैकी एकाही जिल्ह्यात नाही.