परदेशी बाजारसंपर्क आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन

कंपनीची विक्री, भांडवल किंवा स्पर्धा देशाबाहेर गेली की तिच्या मुख्याधिकाऱ्यांचा पगार किती आणि कशावर ठरतो, याचा हा विषय. पगार बहुधा वाढतो. का वाढतो, यावर मात्र मतभेद आहेत. काहींच्या मते अनेक देशांतला कारभार पेलण्याचे कसब दुर्मीळ, म्हणून महाग. दुसरे कारण संचालक मंडळातले: ऑक्सेलहाइम आणि रँडॉय या संशोधकांनी 2005 च्या अभ्यासात नॉर्वे-स्वीडनच्या कंपन्या तपासल्या. संचालक मंडळावर इंग्लंड-अमेरिकेकडचा सभासद असला की पगारही तिकडच्या मापाने मोजला जातो, असे त्यांना दिसले.

तिसरे कारण म्हणजे नशीब, आणि ते खानदेशात चटकन पटते. जिनिंगवाला रुईच्या खंडीचा (सुमारे 356 किलो) भाव काढताना न्यूयॉर्कचा वायदा आणि डॉलर दोन्ही बघतो. डॉलर 80 वरून 84 रुपयांवर गेला, तर 10 लाख डॉलरच्या गाठींचे 8 कोटींऐवजी 8 कोटी 40 लाख येतात. वरच्या 40 लाखांत मॅनेजरची करामत शून्य. दिवाळीच्या बोनसला मात्र ते त्याच्या खात्यावर धरले जातात, आणि डॉलर उतरला की ‘बाजारच पडला’. पाइपवाल्यांचे गणित उलटे: त्यांचा कच्चा माल, म्हणजे पीव्हीसी रेझिन, बराचसा बाहेरून येतो, त्यामुळे डॉलर चढला की नफा आटतो. पुढच्या तारखेचा दर बँकेकडे आधीच बांधून घेतला, तर हे हेलकावे कमी होतात.

जळगावच्या जैन इरिगेशनने 2007 साली इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेतला, 2012 मध्ये उरलेलाही. शेअर बाजारात नोंद असलेल्या अशा कंपनीला कंपनी कायदा 2013 चे कलम 197 लागू होते: एका पूर्णवेळ संचालकाला निव्वळ नफ्याच्या 5 टक्के, सर्व संचालकांना मिळून 11 टक्के, त्यापुढे भागधारकांची मंजुरी. संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या (सगळे पगार क्रमाने लावले तर मधल्याच्या) किती पट, हेही जाहीर करावे लागते. प्रवर्तकांना शेअर-पर्याय (ईसॉप, म्हणजे ठरल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) सहसा घेता येत नाहीत.

खानदेशातल्या बहुतेक जिनिंग आणि डाळ मिल भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेड. त्यांना ही मर्यादा नाही. शेठच एमडी असले की पगार म्हणजे नफा घरात आणण्याची एक वाट, त्याची परदेशाशी तुलना करून काही हाती लागत नाही. खरी घासाघीस होते ती बाहेरून आणलेल्या निर्यात-प्रमुखाशी: तो पुण्या-मुंबईचा आकडा सांगतो, वर जळगावच्या उन्हाळ्याचेही मोजून घेतो.